फिल्मखालचा केस

केस तिचाच होता. फोनच्या काचेवर फिल्म चिकटवताना तो काल आत अडकला होता, कोपऱ्यात, वळण घेऊन. फिल्म काढून नवी लावायला हवी होती. पण कारखान्यातली तिची कामाची पाळी संपत आली होती, म्हणून तिने डोळेझाक केली आणि फोन पुढे खोक्यांकडे जाऊ दिला. कुणीतरी कुठेतरी खोकं उघडेल आणि आपल्या नावाने बोटं मोडेल, एवढंच तिला वाटलं होतं. आज तोच फोन सरकत्या पट्ट्यावरून परत तिच्या हातात आला.

चुकून आला असेल, म्हणून तिने तो सोडून दिला. थोड्या वेळाने तो पुन्हा आला, तेव्हा मात्र तिला राहवेना. ती उठून पॅकिंगच्या पडद्यामागे गेली. तिथल्या बाया भरलेली खोकी उघडून फोन बाहेर काढत होत्या आणि पट्ट्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवत होत्या.

"हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस गं." पॅकिंगवालीने तिचा दंड धरला. "जुनी ऑर्डर काल संपली. नवी येईल असं काही दिसत नाही. शेअर घेणारी माणसं कारखाना बघायला आलीत, त्यांना पट्टा थांबलेला दिसायला नको. साहेबांचा हुकूम आहे."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. त्या माणसांना तिचे बाबाच घेऊन आले होते. ‘आमचा पट्टा थांबायचं नाव घेत नाही, बाबा,’ असं एकदा जेवताना ती सहज बोलून गेली होती. तेवढ्यावर बाबांनी निवृत्तीचा सगळा पैसा या कंपनीच्या शेअरमध्ये घातला, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनाही गळ घालायला सुरुवात केली. आज त्यांच्याबरोबर जुने शेजारी मास्तरकाकाही होते. काकू गेल्यावर घर विकून ते एका खोलीत राहायला गेले होते. घराचे आलेले पैसे आज ते इथे घालणार होते. लहानपणी तिची साधी बेरीजसुद्धा दोनदा तपासून बघणारा हा माणूस, बाबांच्या एका शब्दावर निघून आला होता.

ती जागेवर परतली तोवर साहेब पाहुण्यांना घेऊन पट्ट्यापाशी आले होते. "मुलगी इथेच आहे म्हणता? मग तिच्याशीच बोलून बघा की!" साहेबांनी पट्ट्यावरचा हाताला लागला तो फोन, नेमका तिचा केस अडकलेला, तिच्यासमोरच उचलून बाबांना दिला आणि तिला खुणेने काचेच्या खोलीत पाठवलं. फोनचा आवाज तपासायची ती खोली; पट्ट्यावरच्या फोनशी जोडलेला एक फोन आत असायचा. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नसे, फक्त कानाला लावलेल्या फोनमधलं तेवढं यायचं.

"हॅलो!" बाबा काचेपलीकडून हसत होते.

"बाबा, हसत राहा आणि ऐका. इथे नवीन काही बनत नाहीये. तेच फोन गोल गोल फिरतायत. तुमच्या हातातल्यावर मी कालच फिल्म लावली होती, तो खोक्यात गेला होता. कोपऱ्यात बघा, माझा केस आहे."

बाबांनी फोन कानावरून काढून बघितला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग साहेबांकडे पाठ फिरवून ते तोंडावर हात धरून बोलले. "नक्की?"

"नक्की. मास्तरकाकांना थांबवा, बाबा. आत्ताच."

बाबांनी एकदा मास्तरकाकांकडे बघितलं.

"कुणाजवळ बोलू नकोस," ते म्हणाले. "ही मंडळी आज घेतायत, तोवर भाव टिकेल. तेवढ्यात मी आपले विकून टाकतो."

तिला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. हे तिचे बाबा होते. दुकानदाराने जास्त दिलेली चिल्लर परत करायला भर उन्हात माघारी जाणारे. ती काचेजवळ सरकली. पण बाबा आता वळले होते, आणि फोन बंद करायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यामुळे पुढचं सगळं तिला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"काय खणखणीत आवाज आहे! डोळे झाकून घ्या, मास्तर. माझ्या शब्दावर."

फोन मास्तरकाकांच्या हातात गेला. त्यांनी चष्मा सारखा केला, काचेवरचा केस त्यांना दिसला असावा. पुसावा म्हणून ते त्यावर अंगठा घासत राहिले. केस फिल्मच्या आत होता, तो कसला निघतोय. शेवटी त्यांनी फोन तसाच कानाला लावला आणि तिच्याकडे बघून हात हलवला. त्यांच्या खांद्यामागून बाबाही तिच्याकडेच बघत होते.

"हॅलो, बाळा? मी मास्तरकाका. ऐकू येतंय ना तुला?... बोल की गं काहीतरी."