अर्धी ओळ

हळदीच्या मांडवात हौसाला एका जागी बसवत नव्हतं. दोनदा उठून ती पाणी पिऊन आली. लग्नाचे धवले आक्का गायची, पण तिचं नाक कायम चोंदलेलं. अर्ध्या ओळीवर दम तुटायचा आणि उरलेली ओळ शेजारी बसलेली हौसा उचलायची. जन्मभर दोघींची जोडी अशीच गाजली. गेल्या महिन्यात भिवंडीत ऑपरेशन करून डॉक्टरांनी आक्काच्या नाकातलं वाढलेलं मांस कमी केलं, तिचा श्वास मोकळा झाला. “आता तुला माझं काय काम?” हौसा हसत म्हणाली, पण बोटं पदर चुरगळत होती. “गप बस, नवरी खोळंबलीय,” म्हणत आक्कानं सूर लावला. नेहमीची जागा आली, दम तुटला नाही, तरी आक्का अडली. तिनं हौसाला कोपरानं ढोसलं. “दम हाय गं, पन पुढचे शब्द मला कुठं येतात?”