पहिलीचा वर्ग

एम.एड. करून अधिकारी व्हायचं, हे जगतापबाईंनी ठरवलं होतं. १९७४ साली प्रबंधासाठी त्यांनी माण तालुक्यातल्या आपल्याच शाळेतल्या चौथीचं वाचन तपासलं. हरणा नावाच्या मुलीनं पुस्तकातला धडा घडाघडा वाचला. मग बाईंनी पाटीवर लिहिलं, ‘हरणाच्या शेळीला करडू झालं.’ हरणा पाटीकडे बघत पुन्हा धडाच म्हणू लागली. तिला पुस्तक पाठ होतं. वाचता येत नव्हतं. बाकीच्यांचंही तेच. चार वर्षं त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. बाईंची झोप उडाली. पदवी मिळाली, अधिकारीपदाचा आदेशही आला. त्या हेडमास्तरांना म्हणाल्या, “आदेश परत पाठवा. मला पहिलीचा वर्ग द्या.” “आवं बाई, एवढं शिकला ते पहिलीसाठी?” “व्हय.” जूनमध्ये पहिलीसमोर उभं राहिल्यावर, पूर्वीसारखं पुस्तक पाठ करून घ्यायचं नसल्यानं, त्यांना सुरुवातच सुचेना. शेवटी त्यांनी पुढच्या मुलीला विचारलं, “घरी काय चाललंय?” “आज्जी शेंगा फोडतीया.” बाईंनी तेच फळ्यावर लिहिलं.