हाताची शिकवणी

“घाई नको. सावकाश सांग,” नवरा म्हणाला.

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर डोळे मिटून बसली होती. त्याने तिच्या उजव्या हातात काहीतरी ठेवलं होतं. बोटं त्यावरून फिरत होती, पण जाड हातमोजा घालून फिरावीत तशी.

“बटण?”

“किल्ली आहे गं. बटणाने घर उघडायला लागलीस, तर चोरांची चांदी होईल.”

ती हसली नाही. किल्ली तिने डाव्या हातात घेतली. दाते, भोक, गार कडा, सगळं क्षणात कळलं. डावा हात धडधाकट होता. उजव्या मनगटातली नस कापड कापायच्या पात्याने तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली, पण बोटांपर्यंत ही बातमी अजून पोचली नव्हती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, “रोज सकाळी, दुसरं काहीही न करता. डोळे मिटायचे आणि हातातल्या वस्तूकडेच लक्ष द्यायचं. आधी उजव्यात, मग डाव्यात. धड हात दुखऱ्याला शिकवतो.”

शिवणकारखान्यातला सुपरवायझर सरळ बोलला होता. “ताई, तुमचं मशीन ठेवलंय. पण कापडाची उलट-सुलट बाजू बोटांना कळली नाही, तर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

म्हणून ही शिकवणी. चमचा, खडू, लसणाची पाकळी, दोऱ्याचं रीळ. नवरा गवंडी होता. कामावर निघण्याआधी तो रोज काहीतरी नवीन शोधून आणायचा. एरवी दोघांचं बोलणं गॅस संपला, पाणी गेलं, एवढ्यावर भागायचं. कित्येक वर्षं तसंच चाललं होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. आता उत्तर चुकलं तरी तिला वाईट वाटेनासं झालं होतं. बधिरपणा मनगटाशी थांबला नसावा.

कारखान्यात जाऊन हात दाखवायचा दिवस उजाडला. ती स्टुलावर बसली, डोळे मिटले.

पहिल्या खेपेला नेहमीसारखंच काही कळलं नाही. दुसऱ्या खेपेला तिने सगळं लक्ष एकवटलं. खरखरीत. मधे भेगा. एका बाजूला टणक गाठी. गार नाही, कोमट.

“उन्हातली वीट?”

“नाही.”

“झाडाची साल?”

“नाही.”

“मग पायपुसणं असेल. तुमचा काय नेम!”

या वेळी तो हसला नाही.

“हरले. सांगा आता.”

“डोळे उघड.”

तिच्या तळहातावर त्याचा हात होता. सिमेंटने फुटलेला, बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेला.

“अहो, या बोटांना अजून कुठे काय कळतंय,” ती सवयीने म्हणाली.

त्याने हात काढून घेतला नाही.

“हा तुझा डावा आहे,” तो म्हणाला.