उंदरीचं पान

सासऱ्यांनी, भरमूआप्पांनी, कणगीच्या खोलीचं दार ओढलं आणि ते कडी घालत असताना मंगलला फटीतून कणगीआड सरकणारं शेपूट दिसलं. चांगलं जाडजूड, भुरं शेपूट. उंदराचं नव्हे.



घरात गणपती बसलेला, आणि आज उंदरी, म्हणजे त्याच्या उंदराचा मान; या दिवशी गणपतीच्या घरातही मटण शिजायचं. या घरातली रीत अशी की कणगीपुढं केळीच्या पानावर भात आणि मटण वाढायचं, दार लावायचं आणि सगळ्यांनी अंगणात गप्प बसायचं. घटकाभरानं दार उघडायचं. पान शिवलेलं दिसलं म्हणजे उंदीर खूश, वर्षभर भाताच्या राशीला दात लावणार नाही. मगच माणसांनी जेवायचं. तोवर मटणाच्या वासानं जीव गेला तरी कुणी ब्र काढायचा नाही.

आणि आज आत मांजर कोंडलं गेलं होतं.

अंगणात आप्पांचे थोरले भाऊ भावकूअण्णा पाटावर बसले होते. सणाला ते इथंच जेवायचे, आणि रीतीभातीत कुणाची गय करायचे नाहीत. गणपती आणायच्या आदल्या दिवशी त्यांनीच मंगलला बजावलं होतं, "गणपती हाय तवर त्या रानटी मांजराचं पाऊल घरात दिसलं, तर पोत्यात घालून कणकुंबीच्या रानात सोडीन. मागचं बी मीच सोडून आलतो." आप्पांनी "व्हय, व्हय" म्हणून मान डोलावली होती. मागचं मांजर काही परत आलं नव्हतं.

तीन महिने मंगलनं या मांजरामागं घालवले होते. गोठ्यामागच्या बांबूच्या बेटात जन्मलेलं ते, माणूस दिसलं की फिस्कारून पसार. तिनं सुकटाची वाटी आधी बेटापाशी ठेवली, मग रोज वीतभर घराकडं सरकवली. वाटीखाली आपल्या जुन्या साडीचा तुकडा अंथरला, वास ओळखीचा व्हावा म्हणून. जवळ बसायचं ते पाठ करून. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. सासू रुक्माबाई हसायची, "नवऱ्याची एवढी मनधरणी केली न्हाईस गं कधी!" नवरा मच्छे गावच्या कारखान्यात, आठवड्याला एकदा उगवणारा. त्याची मनधरणी करायला तो सापडायला तर हवा! या घरातलं बाकी सगळं तिला वाढून मिळालं होतं. हे एक मांजर तेवढं तिनं स्वतः मिळवलं होतं, आणि त्यावर तिचा फार जीव होता. उंबरा मात्र त्यानं कधी ओलांडला नव्हता. ओलांडायला मुहूर्त काढला तो आजचा.

आत धप्पकन काहीतरी पडलं.

"उंदीर लई दांडगा दिसतोय," भावकूअण्णा गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. "बघू तरी."

"तुमी बसा अण्णा, मला बघू द्या." मंगल उठलीसुद्धा. थोरल्यांच्या आधी सुनेनं पान बघायला जायचं, हे या घरात कधी घडलं नव्हतं. रुक्माबाईनं डोळे वटारले. मंगलनं तिकडं बघितलंच नाही.

आत शिरून तिनं दार लोटून घेतलं. पान चाटूनपुसून लख्ख झालेलं. मांजर कणगीच्या काठावर, अंगावरचा केस न केस उभा. खोलीला खिडकी नव्हती. झडप घातली तर ते किंचाळणार, आणि ते किंचाळलं की संपलं.

ती कणगीकडं पाठ करून खाली बसली. रोजच्यासारखी.

"काय झालं गं? दिसंना काय तुला?" बाहेरून अण्णांचा आवाज आला.

तिनं मनातच मांजराला विनवलं. ये रे बाबा, एवढं एकदा ये.

मागं मऊ पावलं वाजली. मग कमरेला काहीतरी घासलं. आजवर तिनं त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आता दोन्ही हातांनी उचललं, पदराखाली घेतलं आणि पोटाशी घट्ट धरलं. त्यानं चारही पायांची नखं तिच्या पोटात रुतवली. तिनं दातांखाली ओठ धरला.

दार उघडलं. आप्पा उंबऱ्यात उभे होते.

त्यांनी आधी पान बघितलं. मग सुनेला. पदराखाली काहीतरी वळवळत होतं आणि पिवळ्या साडीवर रक्ताचा एक ठिपका हळूहळू मोठा होत होता. सहा वर्षांत मंगलनं सासऱ्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती. आज दिली, आणि खाली वळवली नाही.

"काय रं भरमू?" अण्णा पाटावरून उठून दाराकडं येत होते. "शिवलंय काय पान?"

आप्पांनी दोन्ही हात चौकटीला लावले आणि दार अडवलं.

"शिवलंय? साफ केलंय अण्णा! एक शीत ठेवलं न्हाय. चला, बसा जेवायला. पोरं भुकेजल्यात."

अंगणात एकच गलका झाला. पाट सरकले, ताटं वाजली. अण्णाही "वा, वा" करत मागं फिरले.

आप्पा तिथंच उभे राहिले. मग मान थोडी आत घालून हलक्या आवाजात म्हणाले,

"नखं लई वाढल्यात गं ह्या उंदराची. हळद लाव."