बेताच्या पाण्याची चिठ्ठी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळात कुठल्या गल्लीला टँकर जाणार, हे अमृतराव ठरवत. त्यांच्याच रक्तात जंतू भिनले आणि ते बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात पडले.

डॉक्टर अशा रुग्णांवर संशोधन करत होते. "निम्म्यांना सलाईन भरपूर देतो, निम्म्यांना बेतानं. कशानं जास्त जगतात ते अजून ठाऊक नाही, म्हणून चिठ्ठी टाकतो. तुमची हरकत नसेल तर."

अमृतरावांच्या बायकोनं, नीलम्मानं होकार दिला. चिठ्ठी बेताच्या पाण्याची निघाली.

दीर संगप्पा चवताळला. "वहिनी, दादा कोण हाय ते सांगून येतो. आत्ता चिठ्ठी बदलून देतेत."

"गप बसा, भावजी," नीलम्मा म्हणाली.

दवाखान्याला टँकर आलाच नव्हता. शेजारीच डब्यातल्या पाण्यानं हात धुता धुता सिस्टर पुटपुटत होती, "तो टँकरवाला साहेब एकदा हितं भरती होऊ दे, मग दावते त्याला."

हळूहळू रक्तदाब सावरला. अमृतराव शुद्धीवर आले आणि घशातली नळी निघताच त्यांनी पाणी मागितलं. त्याच सिस्टरनं ओला कापूस मायेनं त्यांच्या ओठांवरून फिरवला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

एवढ्याशा ओलीनं साहेबांचं डोकं फिरलं. बसक्या आवाजात ते बायकोवर खेकसले, "मी कोण हाय ते सांगितलं न्हाईस का ह्यांना?"

"न्हाई," नीलम्मा त्यांचं पांघरूण नीट करत म्हणाली. "म्हणून तर वाचलात."