आठ किलो जास्त

विमानतळावरच्या काट्यावर एकतीस आले.

"तेवीसच चालतात, काकू," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आठ किलो जास्त आहे. कमी करा, नाहीतर जादा पैसे भरावे लागतील."

आई बॅगेकडे बघत राहिली. सुट्टीला म्हणून तीन आठवडे लेकीकडे राहून ती आज घरी निघाली होती. येताना ही बॅग अर्धी रिकामी होती. इथे तिने घेतलं काय, तर एक चादर, शेजारणीला साबण आणि नवऱ्यासाठी गरम बूट. पण बॅग तिने भरलीच नव्हती. "तू बस, मी भरते," म्हणून लेकीने सकाळी खोलीचं दार लावून घेतलं होतं.

"पैसे कशाला भरायचे?" जावई म्हणाला. "इथेच उघडू. नको ते मी घरी परत नेतो."

तो नेहमीसारखाच हळू, गोड बोलत होता. लेकीचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता. हल्ली तो तिथेच असायचा.

आईने लेकीकडे पाहिलं. लेक फरशीकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बॅग बाजूला आडवी करून आई गुडघ्यांवर बसली. चेन वीतभर सरकवली. वर तिचे स्वतःचे कपडे होते. खाली हात घातला तर बोटांना गार लोखंड लागलं. ते काय आहे ते तिला बघावं लागलं नाही. लेकीची कापड बेतायची मोठी कात्री. शिवणकाम शिकली तेव्हापासून त्या कात्रीला ती कुणाला हात लावू देत नसे. लग्न होऊन निघाली तेव्हा दागिन्यांच्या आधी तिने ती उचलली होती. आता ती लेकीच्याच निळ्या स्वेटरात अर्धवट गुंडाळलेली होती. स्वेटराखाली तिचे कपडे, तिचे बूट, आईवडिलांच्या फोटोची चौकट.

पोरीने तिचं स्वतःचं म्हणावं ते सगळं आईच्या बॅगेत भरलं होतं. नवऱ्याला पत्ता लागू न देता. आणि एका छपराखाली राहून आईलासुद्धा.



"एवढं जड आहे तरी काय?" जावई वाकला. "सरका आई, मी काढतो." त्याचा हात चेनीवर आला.

आईने दोन्ही तळवे बॅगेवर दाबून धरले. "जावईबापू," ती म्हणाली, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "आत माझे आतले कपडे आहेत. हात घालू नका."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जावयाचे कान लाल झाले. तो मागे सरला, पण दोनच पावलं.

आईने बॅगेचं तोंड आपल्या पोटाशी वळवून घेतलं आणि आंधळ्यासारखी आत चाचपू लागली. बोटांना आपलं लागलं की बाहेर, लेकीचं लागलं की आणखी खोल. कोट काढून तिने अंगात घातला. त्यावर दुसरा चढवला. चादर, साबण, शाल, रोजचे कपडे, सगळं लेकीच्या हातात देत गेली.

बॅग पुन्हा काट्यावर चढली. पंचवीस.

"अजून दोन, काकू. जरा लवकर करा, काउंटर बंद होतंय."

"खांद्यावरच्या पिशवीत टाकू थोडं?" आईने विचारलं.

"त्यात जागा दिसत नाही. आणि चाकू, कात्री असलं काही असेल तर ते विमानात सोबत नेता येत नाही."

"यांच्याकडे कात्री कशाला असेल?" जावई हसला.

आईने मान वर केली नाही. दोन कोटांत तिला घामाच्या धारा लागल्या होत्या. आपलं असं आता बॅगेत एकच उरलं होतं. तिने नवऱ्याचे बूट ओढून काढले. सबंध आयुष्यात त्या माणसाने तोंड उघडून मागितलेली ती एवढीच वस्तू होती.

"अहो, बाबांचे बूट नका काढू," जावई म्हणाला. "दुसरं काहीतरी काढा ना."

"त्यांचं भागतं त्याच्याशिवाय," आई म्हणाली.

तेवीसला थोडं कमी. काउंटरवरच्या मुलीने बॅगेच्या मुठीला पट्टी चिकटवली आणि सवयीने विचारलं, "बॅग तुम्हीच भरली ना? आत दुसऱ्या कुणाची वस्तू नाही ना?"

जावई काउंटरला टेकून उभा होता. लेकीने डोळे मिटून घेतले.

"सगळं माझंच आहे," आई म्हणाली.

बॅग पट्ट्यावरून डुलत आत गेली आणि रबरी पडद्याआड दिसेनाशी झाली.

तपासणीच्या दारापाशी आईला लेकीला जवळ घ्यायचं होतं, पण मध्ये कपड्यांचा ढीग होता. तिने लेकीच्या गालावर नुसता हात ठेवला. जावई शेजारीच होता.

"हे सगळं पार्सलने पाठवू आपण," तो म्हणाला.

"मी घेऊन जाईन," लेक म्हणाली. घरून निघाल्यापासून तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता.

"तू? तू कधी जाणार?"

मागून माणसं ढकलत होती. आई आत सरकली. काचेपलीकडून तिने वळून पाहिलं. जावयाने कपडे घ्यायला हात पुढे केला होता. लेक देत नव्हती.