एकच मासा

"एकच मासा आहे हा!" सरांनी दोन्ही तांबूस मासे शेपटीला धरून उचलले. "दाखव, कुठं फरक आहे?"

"दिसत नाहीच, सर," समोरची मुलगी हसून म्हणाली.

थंड समुद्रातला हा मासा एका नव्हे, दोन जातींचा आहे. बाहेरून सारखा, आतून वेगळा. सरांच्या विद्यार्थिनीनं तीन वर्षं खपून हेच मांडलं होतं. आज सरांची सही झाली तर प्रबंध पुढे जाणार होता. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

"पन्नास वर्षं मासे बघतोय मी. हे डोळे फसायचे नाहीत. बरं, तो जनुकांचा तक्ता समजावून सांग."

"कागदात सगळं लिहिलंय, सर. आधी पोट तर बघा." तिनं सुरी उचलली आणि एका झटक्यात मासा उघडला.

"अरे वा! मागच्या महिन्यात अर्धा तास झटापट चालायची!"

"रोज करून हात बसतो, सर."

चहा आला. तिनं तीन चमचे साखर घातली.

"साखर सोडली होतीस ना?"

"आजचा दिवस गोड व्हायला हवा."

सर खुशीत हसले. "समज, दोन जाती आहेत. बिघडलं काय?"

मुलगी एकदम गंभीर झाली. "त्यातली एक संपत चाललीय, सर. जाळ्यात दोन्ही येतात, मोजणी एकत्र होते. टोपली भरलेली दिसते, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही."

सरांचा कप हवेतच थांबला. हे पोटातून आलेलं बोलणं होतं. पण हट्ट तो हट्ट.

"माझी अट ऐक. दिसायला हुबेहूब, पण मुळात वेगळे, असे दोन जीव या डोळ्यांना फसवून दाखव. जागच्या जागी सही करतो."

"नक्की ना, सर? मागाहून फिरायचं नाही हं."

"शब्द दिला!"

मुलीनं दाराकडे तोंड करून हाक मारली, "ताई, ये गं आत!"

दार उघडलं. तोच चेहरा, तीच वेणी, तेच हसू. हातात कागद आणि पेन.

"सर, तुमची विद्यार्थिनी मी," आत आलेली म्हणाली. "तुमच्यासमोर बसलीय ती माझी मावसबहीण. धक्क्यावर मासे कापते. सही इथं करायची."